बुडालेल्या गंजाला टाळ्या

आमच्या घरी एकच मोठा गंज होता. गंज म्हणजे पातेलं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला गंज म्हटलं की लोखंडावर चढतो तो आठवेल, पण आमच्या भंडारा जिल्ह्यात गंजात भात शिजतो. आमचा गंज जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. आई त्यात आधी भात करायची, तो परातीत ओतायची, मग गंज धुऊन त्यातच भाजी टाकायची. भाजी शिजेपर्यंत भात गार व्हायचा. गरम भात आणि गरम भाजी एकाच ताटात मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजच्या होस्टेलवर, आणि मला वाटलं स्वयंपाकी काहीतरी चुकला.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या जवळ. आईबाबांची स्वतःची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. तिच्यातलं धान संक्रांतीपर्यंत पुरायचं. पुढे दोघंही दुसऱ्यांच्या बांधीत राबायचे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईचे पाय दिवसदिवस चिखलपाण्यात असत. बोटांच्या बेचक्या सडून पांढऱ्या पडत. संध्याकाळी ती चुलीपुढे पाय शेकत बसे आणि मी तिला धडा म्हणून दाखवी. "द्रवात बुडालेल्या वस्तूवर वरच्या दिशेने बल कार्य करते..."

आई म्हणायची, "माह्ये पाय दिवसभर बुडून राहिले वो. मले काही कोणी वर ढकललं नाही."

त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. वस्तू, द्रव, बल यांतलं काहीही न पाहता मिळाले. आमच्या शाळेत विज्ञानाचं कपाट होतं, पण त्यातल्या काचेच्या नळ्या आम्ही कपाटाच्या काचेतूनच पाहिल्या. किल्ली कोणाकडे असते, हे शोधणं हाच आमचा एकमेव प्रयोग. तो काही यशस्वी झाला नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे जाणारी मी पहिली, आणि हे मी मान ताठ ठेवूनच सांगते. गावात बायकांनी विचारलं, "बीएस्सी म्हंजे नर्स का वो?" मी म्हटलं, "नाही, पदार्थविज्ञान." त्यावर एक जण म्हणाली, "असो, पुढच्या वर्षी होशील."

नर्स काही झाले नाही. पण नागपूरच्या एका संस्थेनं मला घेतलं. संस्था शाळाशाळांत पेटी घेऊन जाते आणि मुलांच्या हातून विज्ञान करवते. तिथले लांजेवार सर माझे वरिष्ठ. त्यांनी दिवाळीच्या सुट्या संपल्यावर मला बोलावून सरळ सांगितलं, "कोंढा, जवाहरनगर, चिखला. तीन ठिकाणं, एकटीनं कर. अणू, घनता, तरंगणं-बुडणं. चिखल्याच्या शेवटच्या दिवशी मी येईन. पोरांनी पुस्तकातली व्याख्या म्हटली, तर तुझं-माझं राम राम. त्यांनी आपल्या तोंडानं, आपल्या शब्दांत सांगितलं, तर भंडारा जिल्हा तुझा. कायम."

कलेक्टरलाही जिल्हा कायम मिळत नाही. मी हो म्हटलं.

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि प्रवासवर्णनं लिहितात. मी पवनी तालुक्यातून तुमसर तालुक्यात जाऊन आले. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून उत्तर टोकाला. ज्यांनी हा प्रवास केला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि असे लोक लडाखला न गेलेल्यांपेक्षा जास्त असावेत असा माझा अंदाज आहे.

कोंढा

पहिला मुक्काम अर्थात घरी. पेटीत टॅबलेट होते, माती होती, मिठाच्या पिशव्या, वायरी, चिमटे, लाकडाचे ठोकळे होते. मोठं भांडं नव्हतं. मी आईकडे गंज मागितला. आता घरी दुसरीही भांडी आली आहेत, तरी जुना गंज आई रोज घासते आणि खिळ्याला टांगते.

"ने," आई म्हणाली. "पण चेपवून आणू नोको."

"चेपत नाही."

"तू लहानपणी ताट चेपवलं होतं."

"ते म्हशीनं चेपवलं होतं, आई."

"म्हैस कोणी सोडली होती?"

गंज घेऊन मी कोंढ्याच्या शाळेत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणी चाललेली. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला बगळे असे उभे की जणू तेही रोजीनं आलेत. शाळेत अर्धी मुलं गैरहजर. शेजारच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मामा-मावश्या येतात, नाटक असतं, जिलेबी असते. अणूला जिलेबीशी टक्कर देता येत नाही, हे मी त्या दिवशी मान्य केलं.

जी मुलं होती त्यांना मी मातीचे सारखे गोळे दिले. गोळा पाण्यात टाकला की बुडतो. आता त्याच मातीची अशी होडी करा, म्हटलं, की... एवढं बोलून मी थांबले. "काय झालं पाहिजे" ते मी मुद्दामच सांगितलं नाही. प्रशिक्षणात शिकवलं होतं, उत्तर देऊ नका.

मुलं कामाला लागली. एका गटाची होडी गंजात सोडली, आणि ती मजेत तरंगली. दुसऱ्या गटाची गेली तळाला. आणि तळाला गेलेल्या गटानं टाळ्या पिटल्या.

"काहून टाळ्या वाजवून राहिले रे?"

"मॅडम, आमची बुडली!"

"मग?"

"मंग काय, भरीव निघाली. त्याहिची पाहा ना, पोचट. वर आली."

ज्यांची होडी तरंगत होती त्या गटातली एक मुलगी रडायच्या बेतात होती. "मी म्हनत होती याले, अजून दाब, अजून दाब," ती आपल्या जोडीदाराकडे बोट करून म्हणाली. "आता पोचट निघाली ना आपली!"

मी हसावं की रडावं ते कळेना, कारण चूक कुठून आली ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच मातीतली. पेरणीच्या आधी आमच्याकडे धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पाण्यात मीठ किती हवं? अंडं सोडून पाहायचं. अंडं वर आलं की पाणी तयार. मग धान टाकायचं. जे तरंगतं ते पोचट, ते काढून कोंबड्यांना. जे बुडतं ते भरीव, ते बांधीत. प्रत्येक पोर हे दर वर्षी बघतं. म्हणजे बुडणं चांगलं आणि तरंगणं वाईट, हे या मुलांच्या मनात माझ्या पेटीच्या आधीच रोवलं गेलं होतं. माझ्याही मनात रोवलं गेलं होतं. होडी बुडालेली पाहून माझेही हात टाळीसाठी वर आले होते, खोटं कशाला बोलू.

मी खूप समजावलं. होडी म्हणजे बियाणं नाही, डोंग्यात बसून मासे धरतात तो डोंगा बुडाला तर चालेल का? मुलं म्हणाली, नाही. पण चेहरे सांगत होते की डोंगाही थोडा पोचटच असला पाहिजे.

संध्याकाळी लांजेवार सरांचा फोन आला. मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे पोरांनी बुडाल्याबद्दल टाळ्या वाजवल्या?"

"हो सर."

"आणि तरंगणारी रडली?"

"रडायच्या बेतात होती, सर. रडली नाही."

मग सर म्हणाले, "चिखल्यात हे माझ्यासमोर होऊ देऊ नकोस."

जवाहरनगर

भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडताना मी खिडकीतून नदी पाहते, ही माझी कॉलेजपासूनची सवय. या वेळी मात्र मांडीवर गंज होता आणि गंजात प्रयोगासाठी घेतलेली अंडी, त्यामुळे नदी अर्धीच दिसली.

जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि त्याची वसाहत आहे. मला जायचं होतं वसाहतीतल्या मुलांकडे. फाटकावर एक उंच, मिशीवाला पहारेकरी होता. त्यानं पेटी उघडायला सांगितली. आता नीट विचार करा. दारूगोळ्याच्या वसाहतीचं फाटक, आणि पेटीत वायरी, सेल, चिमटे आणि पारदर्शक पिशवीत पांढरी पूड.

"यह क्या है, मैडम?"

मला घरची शिकवणच अशी आहे की विचारलं की खरं सांगायचं. म्हटलं, "अणु सिखाने का सामान है."

त्याचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. "अणु," तो हळूच म्हणाला. "यहाँ."

"छोटे वाले," मी म्हटलं, आणि लगेच कळलं की यानं काही सुधारलं नाही.

"और यह सफ़ेद?"

"नमक."

मी चिमूटभर तोंडात टाकून दाखवलं. त्यानंही टाकून पाहिलं, तोंड वाकडं केलं, मग दुसरी पिशवीही चाखली. कामाला पक्का माणूस. मग गंजातली अंडी. "और ये?"

"नमक में तैरते हैं."

शेवटी त्यानं शाळेत फोन लावला, खात्री केली, आणि मला आत सोडताना बजावलं, "मैडम, शाम को सब अणु वापस ले जाना. गिन के."

तिथली शाळा वेगळीच. वसाहतीत देशभरचे लोक. प्रत्येकाची आई वेगळ्या भाषेत ओरडते, पण जेवायला बोलावण्याचा सूर तोच. सरळ रस्ते, सारखी क्वार्टर्स, झाडांच्या बुंध्यांना चुना. आमच्या गावात झाड जिथं उगवलं तिथून रस्ता वळतो. इथं झाडांना रांगेत उभं केलंय. मुलं झाडांसारखीच. मी "उत्प्लावन", म्हणजे पाण्याचं वर ढकलणं, म्हणायच्या आत चार जणांनी व्याख्या म्हणून टाकली, हिंदीत एकदा आणि इंग्रजीत एकदा. मला माझी आठवण झाली आणि थोडी भीतीही वाटली, कारण हेच सरांना नको होतं.

टॅबलेट त्यांनी असे हाताळले की मीच त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकले. पडद्यावर एक टाकी असते, त्यात लाकूड, लोखंड, बर्फ असे ठोकळे सोडायचे. ठोकळ्याला बोट लावलं की तो मोठा होत जातो आणि आतले अणू दिसतात. लोखंडाचे भारी आणि गच्च बसलेले, लाकडाचे हलके आणि अध्येमध्ये जागा सोडून. पाण्याऐवजी पारा भरला तर लोखंडही वर येतं. मुलांनी पारा भरला, मध भरला, तेल भरलं, आणि एकानं विचारलं, "मैडम, इसमें चाय भर सकते हैं?"

मग मी दोन संत्री काढली. एक सालीसकट, एक सोललेलं. कोणतं बुडेल? सगळा वर्ग एकसुरात, "छिलके वाला!" कारण साल असलेलं जड. सालवालं संत्रं ऐटीत तरंगलं आणि सोललेलं गेलं तळाला. व्याख्या म्हणणाऱ्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सालीत हवा असते, ती संत्र्याला लाइफ जॅकेट घालते, हे मग त्यांनीच शोधलं. "पुन्हा करून दाखवा," म्हणून मी वळले, तर सोललेलं संत्रं गायब. पुरावा कोणीतरी खाऊन टाकला होता.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. लोखंडाचा ठोकळा बुडतो, मग जहाज कसं तरंगतं? एक मुलगी म्हणाली, "जहाज का लोहा अलग होता है." बाकीच्यांना ते पटलं. मला उत्तर येत होतं, पण सांगितलेलं उत्तर आणि सापडलेलं उत्तर यातला फरक मी त्या संत्र्यावर नुकताच पाहिला होता. घंटा झाली. तो प्रश्न मी पेटीत ठेवून पुढे नेला.

फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "सब वापस?"

"गिन के," मी म्हटलं. त्यानं सलाम केला.

चिखला, पहिला दिवस

तुमसरच्या पुढे माती बदलते. धानाच्या बांध्या मागे पडतात, टेकड्या जवळ येतात, रस्त्याच्या कडेचे दगड काळे होत जातात. चिखल्यात मॅंगनीजची खाण आहे, जमिनीखाली. मी जीपनं पोहोचले. वाटेत एका बाईकडून उकडलेले शिंगाडे घेतले, आणि टरफलं काढता काढता बोटं काळी झाली. चिखल्यात उतरले तेव्हा तिथल्या लोकांचेही हात तसेच दिसले, फक्त त्यांचे शिंगाड्यानं झालेले नव्हते.

माझा मुक्काम शकुनकाकूंकडे. काकू शाळेत पोषण आहार शिजवतात, त्यांचे मालक खाणीत उतरतात. आमच्या गावात वेळ एसटीवर चालते, इथं भोंग्यावर. भोंगा झाला की काकू बोलता बोलता उठतात, चहा टाकतात, आणि चहा उकळेपर्यंत काका दारात. जेवणातही फरक. काकूंकडे पोळी आधी, भात नंतर. आमच्याकडे भात आधी, भात नंतर, आणि मध्ये भात.

शाळेत आठवीत खुशबू नावाची मुलगी होती. तिनं मला स्वागताला एक काळा दगड दिला, मुठीएवढा. मी तो फूल घेतात तसा घेतला आणि माझा हात खाली गेला.

"मॅडम, साधा दगड समजल्या का?" खुशबू हसली. "माल आहे तो. बाबा सांगते, पाण्यात धुते ना, जे खाली बसते ते माल. जे वर राहते ते कचरा."

मी कपाळाला हात लावला. तिकडे दक्षिणेत पोचट, इकडे उत्तरेत कचरा. आमचा सगळा जिल्हा बुडणाऱ्यांच्या बाजूचा होता, आणि उद्या सर येणार होते ते तरंगणं बघायला.

टॅबलेट काढले तर वीज नव्हती आणि बॅटऱ्या जवाहरनगरच्या चहात संपलेल्या. मग मी अंगणात खडूनं चौकोन आखला आणि मुलांनाच अणू केलं. दहा जण दप्तर पाठीला लावून चौकोनात गच्च उभे, हा झाला मॅंगनीजचा दगड. भारी अणू, दाटीनं. त्याच चौकोनात चार जण बिनदप्तराचे, हात पसरून, हे लाकूड. मग हवा. हवेचे अणू जोडीनं फिरतात, म्हणून दोघींना हात धरून अख्ख्या अंगणात पळायचं. यावर भांडणं सुरू झाली, कारण प्रत्येकाला हवाच व्हायचं होतं. मॅंगनीज व्हायला कोणी तयार नाही.

"मॅडम, मी सकाळपासून मॅंगनीज आहो!" एक जण ओरडला. "आता मले हवा करा!"

"चौकोन तोच आहे ना?" मी विचारलं. "मग जड कोणता चौकोन?"

"दप्तरवाला!"

"दप्तरामुळं फक्त?"

खुशबू म्हणाली, "दप्तर बी, अन् दाटी बी." मी तिथंच तिला मिठी मारणार होते, पण ती तेव्हा हवा होती आणि पळून गेली.

चिखला, दुसरा दिवस

सकाळी मी न्हाऊन आले तर घरात छान वास. काकूंनी ताट वाढलं. अंड्याचा रस्सा.

"काकू," मी म्हटलं, "ही अंडी..."

"तुमचीच, माय. गंजात होती ना?"

"ती प्रयोगाची होती, काकू. सर येऊन राहिले आज. मिठाच्या पाण्यात तरंगवायची होती."

काकूंनी रश्श्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "रश्श्यात मीठ बी आहे अन् तरंगून बी राहिले," त्या म्हणाल्या. "तुमी खा तर आधी. पाहुणी स्वतःची अंडी घेऊन येते अन् मी भाजी करू नोको?"

खाल्ली. उत्तम होती. मग काकूंनी स्वयंपाकघरातून बटाटे दिले, आणि बटाट्यावर माझं भवितव्य घेऊन मी शाळेत गेले.

लांजेवार सर आधीच आले होते. एका बाकावर मागे बसले. शाळेच्या आवारात सिमेंटचं मोठं टाकं होतं, वर्ग त्याच्याभोवती. बटाटा गंजातल्या साध्या पाण्यात बुडाला. मीठ ढवळत गेलो, तसा तो तळावरून सुटला आणि वर आला. मुलांनी सांगितलं की मिठाचे अणू पाण्याच्या चौकोनात घुसले, दाटी झाली. सरांनी मान हलवली नाही, पण पाय हलवला.

मग मी काळा दगड उचलला. "आता हा तरंगवा."

"नाही तरंगत," सगळे म्हणाले.

खुशबूनं विचारलं, "मॅडम, मीठ किती टाकलं तर तरंगंन?"

मी उरलेलं सगळं मीठ तिच्यापुढे ठेवलं. ती टाकत गेली, ढवळत गेली. शेवटी मीठ विरघळेना, तळाशीच बसून राहिलं. दगडही तिथंच.

"पाणी म्हनते, बस झालं," खुशबू म्हणाली.

तेवढ्यात कालचा मॅंगनीज पुढे आला, गंज रिकामा केला, टाक्यात सोडला आणि दगड अलगद गंजात ठेवला. गंज थोडा खाली गेला आणि डुलत राहिला. "तरंगला!"

"हे चीटिंग आहे!" खुशबू खवळली. "गंज तरंगून राहिला. दगड तर नुसता बसून जाऊन राहिला, एसटीत बसल्यावानी."

"पर गंज बी जर्मनचा आहे. जर्मन बुडते. माह्या घरचा चमचा बुडते."

"मग गंज काहून बुडत नाही?" मी विचारलं.

बराच वेळ नुसता गोंगाट. त्या गोंगाटातून एकेक गोष्ट वर येत गेली. गंजात हवा बसली आहे. हवा म्हणजे दोन पोरी, त्याही बिनदप्तराच्या. गंज आणि हवा मिळून एक मोठा चौकोन, आणि तो चौकोन हलका. कोणीतरी विचारलं, मग गंज कधी बुडेल? आणि खुशबू टाक्याच्या काठावर बसून पाण्याकडे बघत म्हणाली, "गंज पान्यात जागा किती घेते? गंजभर. तेवढं पानी त्यानं हटवलं. मंग गंज अन् दगड मिळून तेवढ्या पान्याहून जड झाले का बुडन."

"पाहायचं?" मी म्हटलं.

शाळेमागच्या घरातून एक कावड आणली. धानाचे भारे खांद्यावरून नेतात ती, बांबूची. दोन्ही टोकांना सारख्या बादल्या. एका बादलीत गंजभर पाणी ओतलं. दुसरीत रिकामा गंज ठेवला आणि त्यावर काळे दगड, एकेक करून. दोन मुलांनी बांबू मधोमध पेलला. पाण्याची बादली खाली, मग कमी खाली, मग बांबू आडवा सरळ. खुशबूनं तेवढे दगड बाजूला काढले. आणखी एक दगड उचलून त्यावर खडूनं फुली मारली. "हा बुडवते," ती म्हणाली. "याच्या आधी कोनताच नाही."

पैजा लागल्या. मोजलेले दगड एकेक करून तरंगत्या गंजात गेले. गंज खाली खाली, काठ पाण्याच्या एक बोट वर येऊन थांबला. खुशबूनं फुलीचा दगड लांजेवार सरांच्या हातात दिला. "सर, तुमी ठेवा. नाही तर हे म्हनतील मीच दाबला."

सरांनी बाही वर केली, वाकले, आणि दगड ठेवला. पाणी काठावरून आत शिरलं, आणि आईचा गंज गडप.

सगळ्या वर्गानं टाळ्या पिटल्या. उड्या मारल्या. हवा आणि मॅंगनीज गळ्यात पडले.

माझ्या डोळ्यांपुढे कोंढा आला. सर माझ्याकडे वळले. मग ते मुलांना म्हणाले, "अरे, बुडला ना? मग टाळ्या कायले?"

"बुडला म्हनून नाही, सर," खुशबू म्हणाली. "आमी सांगितलं तवाच बुडला म्हनून."

"म्हणजे?"

"गंजभर पानी जेवढं उचलू शकते तेवढंच ते उचलते. त्याच्यावर एक दगड झाला, त्यानं सोडून देल्लं. आधी नाही सोडलं. माल असो का कचरा असो, पानी ते पाहत नाही. पानी फक्त त्याची जागा अन् त्याचं वजन पाहते."

मी पुढे झाले. "जवाहरनगरच्या पोरांनी विचारलंय, लोखंडाचं जहाज कसं तरंगतं."

"त्याचं बी लोखंड तेच असंन," कालचा मॅंगनीज म्हणाला. "फक्त त्यात गंजावानी हवा लय."

सरांनी शेवटचा प्रश्न विचारला. "बरं, याची व्याख्या काय?"

खुशबूनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच वाटलं की तिचं काहीतरी राहून गेलं. "मॅडमनं ते नाही शिकवलं, सर," ती म्हणाली.

सर हसले. मग बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टाक्यात उतरून आईचा गंज त्यांनी स्वतः वर काढला. गंजाच्या तळाला एक पोचा आला होता, फुलीच्या दगडाचा.

परत

आईनं गंज हातात घेऊन उजेडाकडे धरला. पोचा तिला दारातूनच दिसला होता.

"चेपवला ना?"

"मी नाही चेपवला. सरांनी."

"सरांनी का म्हशीनं?"

मी तिला सगळं सांगितलं. खुशबूचं, टाक्याचं, टाळ्यांचं. ती ऐकत होती आणि अंगठा पोच्यावरून फिरवत होती. मग विचारलं, "मंग माह्ये पाय वर ढकलत होतं का वो ते पानी?"

"ढकलत होतं, आई. पण तू त्याहून जड होती."

"हां," आई म्हणाली, आणि समाधानानं मान हलवली. "भरीव."

पुढे मी जानेवारीत कोंढ्याला परत गेले, कावड आणि दोन बादल्या घेऊन, आणि ज्या मुलीची होडी पोचट निघाली होती तिच्याच हातानं गंज बुडवला. तिनंही आधी सांगून बुडवला.

भंडारा जिल्हा मला मिळाला, कायम. तिन्ही ठिकाणी आता आमची पेटी असते आणि तिला कुलूप नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिली पक्की नोकरीही माझीच. पोच्याचा गंज खिळ्यालाच आहे. त्याच्या शेजारी मी आणखी दोन आणून टांगले. आता आमच्याकडे भात आणि भाजी दोन्ही एकदमच गरम असतात.